शाओमीचा हातात मावणारा हवा-पंप: नागपूरच्या उन्हात कुठवर साथ देतो

हा पंप बहुतेक मोटरसायकलवाले पंक्चरच्या भीतीने घेतात. भीती रास्त आहे, पण पंक्चर काढायला हा पंप एकटा पुरत नाही. त्याचा खरा उपयोग होतो तो पहाटे पाचला, घरच्या पार्किंगमध्ये, गाडीला किल्ली लावायच्या आधी. त्या एका कामासाठीच तो घ्यावा असं माझं मत. बाकी जे मिळेल ते वरकड.

आधी वस्तू बघू. शाओमीचा पोर्टेबल इलेक्ट्रिक एअर कॉम्प्रेसर साधारण १२ सेंटिमीटर लांब, ७ रुंद आणि साडेचार जाड आहे. वजन अर्ध्या किलोच्या आत. टँक बॅगच्या (पेट्रोलच्या टाकीवर बसणाऱ्या पिशवीच्या) वरच्या कप्प्यात आरामात बसतो. आत २००० एमएएचची लिथियम बॅटरी आहे, म्हणजे १४.८ वॉट-अवर. कमाल दाब १५० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) लिहिलेला असतो, पण मोटरसायकलला चाळिशीच्या वर सहसा जावं लागत नाही, त्यामुळे त्या आकड्याचं कौतुक नको. नळी खोबणीत खोचून ठेवायची. ती उपसली की पंप चालू, परत खोचली की बंद. ही युक्ती छान आहे, पण सामानात नळी खोबणीतून निसटली तर पंप आपोआप चालू होतो. रबर बँड लावून ठेवा. डब्यात सायकलच्या बारीक वॉलसाठी (हवा भरायच्या तोंडासाठी) एक अडॅप्टर आणि फुटबॉलची सुई येते. टूरवर दोन्ही घरी ठेवली तरी चालतं.

पाच मोड आहेत: सायकल, मोटरसायकल, कार, बॉल आणि मोकळा. मोटरसायकल मोड २.४ बारवर सेट असतो, म्हणजे जवळपास ३५ पीएसआय, आणि १.८ ते ३ बारपर्यंत कमी-जास्त करता येतो. मोडचं बटण दाबून धरलं की बारचं पीएसआय होतं. ते पहिल्याच दिवशी करून घ्या, कारण आपल्याकडे पंक्चरवाल्यापासून शोरूमपर्यंत सगळे पीएसआयमध्येच बोलतात. अडचण अशी की मोटरसायकल मोड एकच आकडा लक्षात ठेवतो आणि गाडीला लागतात दोन. त्यावर सोपा उपाय आहे: पुढच्या चाकाचा आकडा मोटरसायकल मोडमध्ये लावायचा आणि मागच्याचा कार मोडमध्ये. कार मोड १.८ ते ३.५ बारपर्यंत जातो, त्यामुळे मागे बायको किंवा मित्र, दोन्ही बाजूंना पॅनियर (सामानाच्या पेट्या) आणि वर टेल बॅग अशी भरलेली गाडीही त्यात बसते. आकडा कोणता लावायचा, तर स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) किंवा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर असतो तोच. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही टायरची कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीचा दाब नव्हे. हा घोळ अजूनही बरेच जण घालतात.

आता नागपूर. टायरमधली हवा तापमानाबरोबर फुगते-आकसते, आणि ३० ते ३५ पीएसआयच्या पट्ट्यात दर १० अंशांमागे साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. जिथे दिवस-रात्रीत पाच-सात अंशांचाच फरक असतो तिथे हे कुणाच्या खिजगणतीत नसतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत ३२ पीएसआय भरून आणले, तर दुसऱ्या दिवशी पहाटे २८ अंशांत तेच टायर साडेएकोणतीस दाखवतं. डिसेंबरात दुपारी ३० अंशांत भरलं आणि पहाटे १० अंशांत पेंचकडे निघालो, तर हातात २९ सुद्धा उरत नाहीत. आणि यात गाडी चालल्याने टायर तापतं तो भाग धरलेलाच नाही. घरापासून पाच-सहा किलोमीटर सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावरून पेट्रोल पंपावर गेलात, तिथे गरम टायरमध्ये ३२ भरलेत, तर थंड झाल्यावर ते आणखी दोन-तीनने उतरतं. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते आणि मिळायलाच हवी, पण ती जवळजवळ नेहमी गरम टायरमध्ये भरली जाते. स्टिकरवरचा आकडा मात्र थंड टायरचा असतो.

थंड टायर म्हणजे किमान तीन तास उभी असलेली गाडी, आणि तीही सावलीत. मार्चनंतर उन्हात उभ्या गाडीचं सूर्याकडचं टायर उभ्या उभ्याच तापतं. अशा वेळी पुढचं-मागचं माप जुळत नाही आणि माणूस उगाच वॉलवर संशय घेतो. म्हणून पहाटेची वेळ. घरातच पंप असला की ही अट आपोआप पाळली जाते, आणि माझ्या लेखी पैसे इथेच वसूल होतात.

दाब कमी असला की काय होतं? सामानाने भरलेल्या गाडीत टायरची कड जास्त वाकते, जास्त तापते, वळणात गाडी जड वाटते आणि ॲव्हरेज घसरतं. ट्यूबवाल्या चाकात आणखी एक भानगड होते: दाब उतरला की ब्रेक आणि पिकअपच्या झटक्यांनी टायर रिमवर सरकतं, आतली ट्यूबही ओढली जाते आणि वॉल तिरकी दिसू लागते. वॉल तिरकी दिसली तर हवा भरून पुढे निघू नका. आधी चाक खोलून ट्यूब सरळ करून घ्या, नाहीतर ती वॉलच्या बुडाशी फाटते आणि तिथे टिकली लागत नाही. उलट दाब जास्त झाला तर गाडी सिमेंट रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर टणकन उडते आणि टायर मधोमध झिजतं. हायवेवर तासभर चालल्यावर ३२ चे ३५ झालेले दिसले तर हवा सोडायची नाही. ती वाढ अपेक्षितच असते. वाढ दहा टक्क्यांपेक्षा बरीच जास्त असेल तर मुळात सकाळी दाब कमी होता किंवा सामान जास्त झालंय असं समजा, आणि पुढच्या थांब्यावर थंड झालेल्या टायरचं माप घ्या.

पंपाचा आकडा कितपत खरा? चालू असताना तो किंचित जास्त दाखवतो, कारण नळीत दाब साचलेला असतो. थांबल्यावर आकडा थोडा खाली बसतो. थांबल्यानंतरचा आकडा धरायचा. एकदा चांगल्या डायल गेजशी ताडून बघा आणि जो काही फरक असेल तो पंपाच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा. फरक कायम तेवढाच राहिला तर काम भागतं. गेज स्वतःच स्वस्तातलं, पेनासारखं सरकपट्टीचं असेल तर ताडण्यात अर्थ नाही.

नळी टोकाला आटे असलेली आहे, म्हणजे वॉलवर फिरवून बसवायची. पेट्रोल पंपावरच्या क्लिपपेक्षा ही पकड घट्ट, भरताना कणभरही गळत नाही. पण काढताना फिरवावी लागते आणि तेवढ्यात थोडी हवा फुस्स होते. म्हणून आकडा एकने जास्त लावायचा आणि चार-पाच वेढे एका दमात सोडवायचे. भरून झाल्यावर नळीचं पितळी टोक चांगलंच गरम असतं. ग्लोव्ह घालूनच हात लावा. खरी कटकट जागेची आहे. मागच्या चाकात एका बाजूला डिस्क, दुसऱ्या बाजूला स्प्रॉकेट आणि मध्ये सरळ उभी वॉल, त्यात हे ताठ टोक शिरवायचं आणि फिरवायचं म्हणजे बोटांची परीक्षा. मागची डिस्क मोठी असेल तर आणखी त्रास. ट्यूबलेस अलॉय चाक असेल तर पुढच्या वेळी टायर बदलताना ९० अंशांत वाकलेली धातूची वॉल बसवून घ्या. साध्या रबरी वॉलपेक्षा ती टिकतेही जास्त. आपल्या उन्हात रबर बुडाशी चिरा धरतं आणि अशा वॉलला आटे फिरवताना हिसका बसला की तिथूनच गळती सुरू होते. ट्यूबवाल्या स्पोकच्या चाकांना वॉल ट्यूबलाच जोडलेली असल्याने हा इलाज नाही; तिथे वॉलवर बसणारा वाकडा अडॅप्टर डब्यात ठेवा.

वेगाबद्दल फार आशा ठेवू नका. १४०/७० आर १७ सारखं मागचं टायर पंचविशीवरून बत्तिशीवर आणायला मिनिट-दीड मिनिट. पूर्ण बसलेलं तेच टायर भरायला पाच मिनिटांच्या आसपास. आवाज एवढा की पहाटे पार्किंगमध्ये वरच्या मजल्यावरचे काका डोकावतील. एका चार्जवर असं शून्यापासून तीन-चार वेळा भरता येईल, त्यापुढे खात्री नाही, आणि दोन चाकं सलग भरली की मध्ये दहा मिनिटं पंपाला थंड होऊ द्यायचं.

पंक्चरचं बोलू. दुचाकींना समृद्धी महामार्गावर मनाई आहे, त्यामुळे नागपूरहून पश्चिमेकडे जायचं तर कोंढाळी-तळेगावचा अमरावती रस्ताच धरावा लागतो. तिथे पंक्चरवाले सापडतात. काटोल-वरूडकडच्या संत्र्याच्या पट्ट्यातल्या आतल्या रस्त्यांवर बाभळीचा काटा ठरलेला आणि दुकान कुठे असेल याचा भरवसा नाही. जबलपूर रस्त्याला मनसर सोडलं की देवलापार, खवासापर्यंत जंगल आहे. वन्यप्राण्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ता जिथे उचललाय आणि दोन्ही कडांना भिंती आहेत, तिथे हवा कमी वाटली तरी मध्ये थांबू नका. हळू, डाव्या कडेने, पूल उतरून मोकळ्या जागी थांबा.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर पहिला नियम: लगेच उपटू नका. पंप लावून दाब बघा. गळती मंद असेल, अर्ध्या तासात दोन-तीन पीएसआय जात असतील, तर खिळा तसाच ठेवून भरत भरत पुढच्या गावापर्यंत जाणं शहाणपणाचं. पंप इथे हुकमी. गळती जोरात असेल तरच पंक्चरचं किट काढा. खिळा ज्या कलाने घुसलाय तो कल डोळ्यांत ठेवून पक्कडने ओढा. रीमरला (भोक खरवडायच्या दांड्याला) सोल्युशन (रबराचा डिंक) लावून त्याच कलात पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. रीमर नीट फिरवला नाही तर स्ट्रिप (भोकात भरायची चिकट रबरी पट्टी) आत जायला नकार देते आणि माणूस सुई वाकवून बसतो. स्ट्रिप सुईच्या नेढ्यातून मधोमध ओवा, सोल्युशन चोपडा, आणि सगळं वजन टाकून आत ढकला, बाहेर सेंटिमीटरभर शेपट्या राहतील एवढंच. मग सुई न पिळता एका झटक्यात सरळ बाहेर. पिळली तर स्ट्रिप सुईबरोबर बाहेर येते, नव्याने सुरुवात. शेपट्या तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा, हवा भरा, वर पाणी टाकून बुडबुडा बघा. वॉलच्या तोंडावरही एक थेंब टाका; पंक्चर म्हणून धरलेली गळती पुष्कळदा वॉलच्या पिनेतून असते आणि ती पीन घट्ट करायला दहा सेकंद लागतात. छिद्र टायरच्या कडेला असेल किंवा सहा मिलिमीटरपेक्षा मोठं असेल तर स्ट्रिप लावून हायवेचा वेग धरायचा नाही. टोइंग किंवा टेम्पो.

किटमधलं सोल्युशन हा या सगळ्यातला सगळ्यात कच्चा दुवा. नागपूरच्या एका उन्हाळ्यात डिकीत पडलेली ट्यूब न उघडताही आत सुकते. दाबून बघितली तर फुगीर वाटते, टोचली तर नुसती हवा. छोट्या ट्यूब घ्या आणि दर पावसाळ्याआधी बदला. स्ट्रिपसुद्धा कडक होतात. बोटांत दाबल्यावर चिकट लागली तरच कामाची.

टायरमध्ये आधीच लिक्विड सीलंट भरलेलं असेल तर हवा भरण्यापूर्वी चाक फिरवून वॉल वरच्या बाजूला आणा. वॉल खाली असताना नळी लावली की तो चिकट द्रव वॉलच्या पिनेत आणि पंपाच्या नळीत शिरतो. मग आकडा वेडावाकडा दाखवतो आणि नळी साफ करणं जिकिरीचं होतं.

इथपर्यंत पंप जिंकला. हात कुठे टेकतो ते सांगतो. चाक बसलेलं असताना गाडी काही अंतर ओढली आणि टायरची कड रिमवरून निघाली, तर हा पंप ती परत बसवू शकत नाही. त्यासाठी एकदम भसकन भरपूर हवा लागते, हा बिचारा मिनिटाला पाच-सहा लिटर सोडतो आणि तेवढी हवा कडेच्या फटीतून निघून जाते. साबणाचं पाणी लावून आणि टायरच्या घेराला पट्टा आवळून प्रयत्न करता येतो, पण भरवसा नको. टायरच्या दुकानातला मोठा कॉम्प्रेसरच गाठावा लागतो. ट्यूबवाल्या गाड्यांत ट्यूब फाटली असेल तर पंप ठेवून चाक खोलण्याचे लिव्हर आणि नवी ट्यूब काढा. ट्यूबला बाभळीचा बारीक काटा लागून हळू गळत असेल तेवढ्यापुरताच तो उपयोगी. ज्यांच्या गाडीला स्पोकचं ट्यूबवालं चाक आहे त्यांनी पंपाआधी ट्यूब, दोन लिव्हर आणि एक्सलचा पाना यांवर पैसे घालावेत.

दुसरी मर्यादा ऊन. कंपनीने वापरासाठी आणि चार्जिंगसाठी दिलेली वरची मर्यादा ४५ अंशांची आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा तिथे पोचतो. उन्हात उभ्या गाडीवरच्या काळ्या टँक बॅगच्या आतलं तापमान त्याहून कितीतरी वर. बॅटरी अशा भट्टीत महिनोन्‌महिने ठेवली की तिचा दम कमी होतो, आणि हे कळतं नेमकं गरज पडल्यावर. म्हणून पंप रोज गाडीवर ठेवू नका. घरात ठेवा, निम्म्याहून थोडा जास्त चार्ज करून, आणि टूरच्या आदल्या रात्री पूर्ण भरा. टूरवर तो सामानाच्या मध्यभागी, कपड्यांत गुंडाळून ठेवा. सायलेन्सरकडच्या पॅनियरमध्ये किंवा सीटखाली इंजिनच्या झळीत नको. भर दुपारी वापरावा लागला तर आधी झाडाखाली पाच-दहा मिनिटं गार होऊ द्या, गाडीच्या सावलीत ठेवून भरा, आणि एका दमात भरण्याऐवजी मध्ये थांबा. चार्जिंगला लावून चालवायचा नाही.

पर्याय काय? बारा व्होल्टचा तारेचा कॉम्प्रेसर जास्त ताकदीचा असतो आणि गाडीची बॅटरी शाबूत तोवर त्याची बॅटरी उतरायचा प्रश्न नाही. पण तो दहा-बारा अँपिअर ओढतो. हँडलवरच्या चार्जिंग सॉकेटला लावलात तर फ्यूज उडणार. बॅटरीला थेट क्लिपा लावा आणि इंजिन चालू ठेवा. बॅटरीपर्यंत पोचायला सीट आणि साईड पॅनल काढावं लागणारी गाडी असेल तर बॅटरीवरून फ्यूजसह एक कायमची तार बाहेर काढून घ्या. पायाने मारायचा पंप सगळ्यात बेभरवशाच्या जागी सगळ्यात भरवशाचा, उन्हाची फिकीर नाही, फक्त त्यावरचं गेज शोभेचं. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वायूची काडतुसं सायकलवाल्यांना शोभतात: १६ ग्रॅमचं एक काडतूस साधारण नऊ लिटर वायू देतं, आणि मागच्या टायरला बत्तिशी गाठायला पंचवीसेक लिटर लागतात. म्हणजे एका पंक्चरला तीन काडतुसं, आणि नेम चुकला तर चौथं नाही.

लांब पल्ल्याला, म्हणजे नागपूर-पचमढी किंवा अमरकंटककडे चार-पाच गाड्या निघत असतील, तर एकाकडे तारेचा कॉम्प्रेसर आणि एकाकडे हा पंप, अशी वाटणी सगळ्यात चांगली. सगळ्यांनी हाच घेऊन फिरण्यात काही राम नाही, भाऊ. एकट्याने फिरणाऱ्याने हा पंप आणि पायाचा छोटा पंप दोन्ही ठेवावेत. दोन्ही मिळून वजन दीड किलोच्या पुढे जात नाही.

किंमत सेलप्रमाणे वर-खाली फिरते. जुन्या मॉडेलला मायक्रो यूएसबीचं चार्जिंग आहे, म्हणजे टूरवर एक जादा केबल सांभाळा. पुढच्या ‘२’ क्रमांकाच्या मॉडेलला टाईप-सी आहे आणि ते भरतंही लवकर. आज पहिल्यांदा घेणाऱ्याने ‘२’ घ्यावा. जुना चालू स्थितीत असेल तर नुसत्या केबलसाठी बदलू नका. त्या पैशांत दोन्ही चाकांना वाकड्या वॉल बसवा, एक धड डायल गेज घ्या, आणि उरलेच तर सोल्युशनच्या ताज्या ट्यूब.